मारेनच्या साच्याला लावायचं वंगण

ती. सिग्नाताई यांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ऑरिनचा, मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारतोय. मागच्या पत्रात तुम्ही उजव्या गुडघ्यावर जे लिहिलंत ते वाचून माझेच गुडघे दुखायला लागले, आणि डाव्याचं वर्णन अजून यायचंच होतं.) इकडे मोंटानात सगळं नेहमीसारखं, म्हणजे वाईट. डोंगरावर बर्फ उतरलंय, वारा सुटलाय, सकाळी ट्रकला सुरू व्हायचं नसतं आणि मला उठायचं नसतं. मारेनचं तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिलमधल्या झटक्यात उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात थोडा हलतो. वाचेबद्दल डॉक्टर म्हणतात की बोलण्यासारखं तिच्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे, पण बोलावंसं तिला वाटलं पाहिजे. ते काही वाटत नाही. ती खिडकीशी बसून शेजारच्या ड्वेनच्या गोठ्याची मागची भिंत बघत राहते. चर्चच्या बायका बटाटे आणि चीज घातलेली भली मोठी भांडी आणून ठेवतात आणि तिच्याशी मोठमोठ्यानं बोलतात, जणू झटका कानाला आला होता. त्या गेल्या की घरात जी शांतता पडते ती मला सहन होत नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

पत्र लिहायचं कारण असं की या महिन्याच्या शेवटी आपल्या क्लबाची जुन्या बंदुकांची नेमबाजी आहे. गोळी घरची ओतलेली हवी, हा रिवाज तुमच्या वडिलांच्या काळापासूनचा. विकतची आणली तर कोणी काही बोलत नाही, फक्त आपल्याला मिळते ती कॉफी गार असते. आमच्या घरात गोळ्या ओतायची मारेन. माझं काम शिसं वितळवायचं आणि "बाजूला हो" ऐकायचं. यंदा नेमबाजीच्या रांगेत तिच्या जागेवर दुसऱ्या कुणाला उभं करायचं अशी कुजबुज ऐकली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, तिच्या गोळ्या मी ओततो, तिची जागा रिकामी राहिली तर राहू दे, पण तिची म्हणून राहू दे. शेडचं मोठं दार उघडलं (शिशाचा धूर नको), दारात तिची खुर्ची मांडली, तिला घोंगडीत गुंडाळलं आणि शेगडी पेटवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अडलं ते साच्याच्या वंगणावर. लोखंडाची दोन अर्धुकं, ती नीट जुळावीत म्हणून बारक्या खुंट्या आणि वर सरकणारी पट्टी, एवढाच तो साचा. खुंट्यांना आणि पट्टीला वंगण हवंच, नाहीतर तापलेलं लोखंड लोखंडाला खातं. पण तेच वंगण जरा ओघळून गोळीच्या खळग्यात गेलं की गोळीला सुरकुत्या पडतात. हे सगळं तुमच्या वडिलांनी तुम्हा दोघी बहिणींना शिकवलं. जावयाला त्यांनी फक्त शेण कुठे टाकायचं ते शिकवलं.

पहिल्या दिवशी मी न्याहारीच्या बेकनची चरबी लावली. घरात होती, फुकट होती आणि वास चांगला होता. इतका चांगला की कुत्रा शेगडीसमोर बसून साच्याकडे प्रेमानं बघायला लागला. गोळ्या बाहेर पडल्या त्या बघून ड्वेन म्हणाला, "ऑरिन, लेका, हरणाला मारायचंय की खिरीत घालायच्यात या मनुका?" मारेननं काठी आपटली. दुसऱ्या खेपेला मेणबत्ती घासली. त्या मेणानं पट्टी अशी चिकटून बसली की हातोडी मारून मारून माझा खांदा उतरला. मग ट्रकच्या चाकाचं ग्रीस लावलं. (हा सल्ला ड्वेनचा. वंगणाच्या बाबतीत इथे जितकी डोकी तितकी तेलं, आणि सगळ्यात मोठं डोकं ड्वेनचं.) ग्रीस तापलं, पातळ झालं, आणि दारातून असा काळा धूर निघाला की ड्वेनच्या बायकोनं पलीकडून आगीच्या बंबाला कळवलं. बंबाचा मुख्य ड्वेनच आहे. त्याच्या कमरेचं यंत्र केकाटायला लागलं तेव्हा तो माझ्या शेडमध्ये उभा राहून माझंच बटाट्याचं भांडं चाटत होता. तरी पठ्ठ्या धावत गावात गेला, बंब घेऊन परत आला आणि मलाच विचारतो, "आग कुठाय?"

त्यानंतर ओठांना लावायची कांडी वापरली. मारेनच्याच पर्समधली, चेरीच्या वासाची. तिनं डाव्या हातानं मोजा फेकून मारला, तो ड्वेनला लागला. तेवढं एक बरं झालं.

ताई, मी थकलो आहे. तिची पळी माझ्या हातात परक्यासारखी वाटते. शिसं ओततो तेव्हा नजर तिच्याकडे जाते आणि हात चुकतो. कधी वाटतं, साचा पुसून कपाटात ठेवावा आणि आपणही त्या गोठ्याच्या भिंतीकडे बघत बसावं. तरी तुमची बहीण साच्याला नेमकं काय लावते ते तुम्हाला आठवत असेल तर उलट टपाली कळवा.

तुमचा,
ऑरिन

ता. क. तुम्ही पाठवलेलं बीटचं लोणचं पोचलं. मारेनला आवडलं. मी चाखलं.

आणखी एक ता. क. वरचं सगळं मी स्वयंपाकघरात मारेनच्या समोर बसून लिहिलं. ती आलेली-गेलेली सगळी पत्रं वाचते. हे मात्र पोस्टाबाहेर ट्रकात बसून लिहितो आहे. ती काय लावते ते मला पाठ आहे. करवतीच्या इंजिनात घालतात ते तेल, कापसाच्या काडीवर, तेही पुसून उरेल तेवढंच. बाटली माझ्या आसनाखाली लपवली आहे. चुका मी मुद्दाम केल्या. बेकनच्या दिवशी काठी आपटून ती म्हणाली, "नको." एप्रिलनंतरचा तिचा पहिला शब्द. ग्रीसच्या दिवशी म्हणाली, "पूस." आणि कांडीच्या दिवशी सबंध वाक्य, "माझी आहे ती, गाढवा!" मी शेडमागे जाऊन रडलो, ड्वेनला म्हटलं धूर गेला डोळ्यात. हे वर लिहिलं नाही, कारण मी तिच्या शब्दांची वाट बघतोय हे तिला कळलं तर ती एकही काढायची नाही. तुमच्याच घरातली आहे.

पण काल लोणी फासलं, चांगलं बोटभर. ती गप्प. सुरकुतलेली गोळी हातात दिली, ती तिनं बघितलीसुद्धा नाही. ताई, मला भीती वाटते. माझ्याजवळच्या चुका संपत आल्या आहेत. सासूबाई सांगायच्या की लहानपणी तुम्ही एकदा तिच्या साच्याला काहीतरी फासलं होतंत आणि उन्हाळाभर ती तुमच्याशी भांडत होती. ते काय होतं तेवढं ड्वेनच्या पत्त्यावर कळवा. नाहीतर कळवू नका, बस पकडून याच, आणि स्वतःच्या हातानं फासा. माझ्यावर ओरडून ती कंटाळली आहे. तुमच्यावर ओरडायचं तिचं अजून पुष्कळ राहिलं असेल.