दुपारची वेणी

कोल्हापूर, शनिवार

बहीण अफसाना, तुला भाईची दुआ.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर बोललो की नजीरा ऐकते, म्हणून लिहितो.

तुझ्या नजीराभाभीची तब्येत बरी आहे. पेज पिते. लकवा मारलेले हात अजून हलत नाहीत. दवाखान्याजवळची ही खोली हवेशीर आहे. कुरुंदवाडला सगळे ठीक ना? तुझे गुडघे?

एक सांगतो, घाबरू नकोस. दुपारी मी बाहेरून कुलूप लावून औषधे आणायला जातो. परत येतो तेव्हा तिची वेणी घातलेली असते. घरमालकीण तानाबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "चावी तुमच्याच खिशात हाय की! मी काय भिंतीतनं येऊ?"

नजीरा म्हणते, अम्मा येते. आपली अम्मा जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या आजारपणात हिनेच सगळे केले, आता अम्मा हिचे करते म्हणे. मलाही बरेच वाटत होते. पण काल म्हणाली, "पुढच्या जुम्म्याला अम्मा मला घेऊन जाणार हाय."

अम्मा तुझे ऐकायची. कबरीपाशी जाऊन सांग, नजीराला मी सांभाळतो, तिला नेऊ नकोस. अम्मा काय म्हणाली ते जुम्म्याच्या आत कळव.

तुझा भाऊ,
इलाही