आंघोळ-ड्यूटी

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. भावना वगैरे लिहिण्यासाठी नाही. नोंदी असाव्यात म्हणून. पुढेमागे बाळाने विचारलं तर दाखवता येईल की आई वेळेची पक्की होती.

डॉक्टरीणबाईंनी फाइलवर माझं वय लिहून त्याभोवती लाल गोल काढला. त्रेचाळीस. जणू मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, तुमच्यासारख्या चाळिशीतल्या आयांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात जा, आधार होतो. मी सांगितलं, मी बस डेपोत ड्यूट्या लावते. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर जाणार हे मी ठरवते. मला आधार लागत नाही, लोकांना माझा लागतो. बाई म्हणाल्या, मग त्यांना द्या की. हे मात्र पटलं.

६ फेब्रुवारी
ग्रुपचं नाव 'लेट लतीफ'. आमच्या डेपोत अशा माणसाला मेमो मिळतो. इथे बायका हे नाव मिरवतात.

ग्रुप चालवते एक दंतवैद्य. बाळंत होऊन तीन महिने झाले तरी जुने बूट पायात जात नाहीत म्हणून सकाळी सकाळी रडली. लोकांचे दात उपटणारी बाई! त्यावर बाकीच्यांनी धीर द्यायला आपापल्या सुजलेल्या पायांचे फोटो टाकले. शिकलेल्या बायका. पाय.

एक गाण्याच्या क्लासची बाई. पोटात जुळी. व्हॉइस मेसेज पाठवते. शब्द कमी, हुंदके जास्त, तेही सुरात.

आणि एक बेकरीवाली. थोरल्या मुलाला दाढी आली आणि ही पंचेचाळिशीत पुन्हा बाळंत झाली. जिला तिला 'अगं राणी'. मलाही म्हणाली. मी कळवलं, माझं नाव राणी नाही. तिने लिहिलं, बरं राणी.

९ फेब्रुवारी
ठरवलं. ग्रुपवर लिहायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं वाचायचं, तेही अभ्यास म्हणून.

१० फेब्रुवारी
अभ्यास थोडा लांबला. एका गाडीवर दोन ड्रायव्हर लागले आणि दुसरी गाडी तशीच उभी राहिली. डेपो मॅनेजर म्हणाले, बाई, तब्येत बरी आहे ना? चूक क्लार्कची. मी फोनमध्ये आहे हे त्याला दिसत होतं, त्याने हाक मारायला हवी होती.

१८ फेब्रुवारी
यांची एक विचित्र रीत कळली. ग्रुपमधली कुणी बाळंत झाली की बाकीच्या रोज दुपारी आलटून पालटून तिच्या घरी जातात. का, तर बाळ धरायला. आई तेवढ्यात आंघोळ करते. बस. सल्ला नाही, गप्पा नाहीत, बाळ कुणावर गेलंय याची चर्चा नाही. बाळ धरायचं, आईची आंघोळ झाली की परत द्यायचं आणि घरी जायचं. सुरुवात बेकरीवालीने केली म्हणे.

मोठाल्या बायकांना आंघोळीला सोबत लागते. उद्या जेवायलाही लागेल. मी तिसरीत असल्यापासून एकटी आंघोळ करते.

शिवाय व्यवस्था शून्य. एकीकडे एकाच दिवशी दोघी गेल्या, दुसरीकडे कुणीच नाही. ती बिचारी संध्याकाळपर्यंत टॉवेल खांद्यावर टाकून बसली. हे मला पाहवत नाही. हस्तक्षेप करावा लागेल.

२ मार्च
केला. रविवारचा सगळा दिवस घालवला, पण काम चोख झालं. आंघोळ-ड्यूटीचा तक्ता ग्रुपवर टाकला. कोण, कुणाकडे, कधी. बदली हवी असल्यास दोन दिवस आधी अर्ज.

सोबत नियम. ग्रुपवर बोलणं दुपारी एक ते दोन. व्हॉइस मेसेज बंद. पाय बंद. रडणाऱ्या व्यक्तीने एका ओळीत कारण द्यावे. विनाकारण रडणे ग्राह्य धरले जाणार नाही.

माझं नाव मी 'स्पेअर'च्या रकान्यात घातलं. स्पेअर म्हणजे डेपोत गणवेश घालून बाकावर बसून राहतो तो माणूस. अडल्याशिवाय त्याला कुणी उठवत नाही. मला कुणी बाळ धरायला यायची गरज पडणार नाही, आणि मीही कुणाकडे जाणार नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: स्पेअरच्या बाबतीत लेखी मागणी आल्याशिवाय कुणीही हालचाल करू नये.

बेकरीवालीने विचारलं, पण राणी, तुला लागलं तर? मी लिहिलं, वेळ एक ते दोन आहे, आत्ता चार वाजलेत.

५ मार्च
तीन दिवस ग्रुपवर एकही मेसेज नाही. अगदी एक ते दोनही नाही. हुंदके थांबले, पाय थांबले. इतक्या लवकर फरक पडेल असं वाटलं नव्हतं. डेपोत याच कामाला मला बारा वर्षं लागली. बायका मुळात वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगणारं नव्हतं.

२१ मार्च
डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात दंतवैद्य भेटली. तपासणीला आली होती. ग्रुपवरच्या फोटोवरून मला ओळखून उभीच राहिली. माझ्याबद्दल आदर वाढलेला दिसतो.

तिचा फोन सारखा वाजत होता. तिने तो पालथा मांडीवर दाबला. क्लिनिकचा ग्रुप आहे म्हणाली. दात या विषयावर लोकांना एवढं काय बोलायचं असतं? मधेच फोन उलटला तेव्हा स्क्रीनवर सुजलेल्या पायाचा फोटो दिसला. दाताच्या डॉक्टरला पाय! पेशंटही काय एकेक असतात.

गाणंवाली बाळंत झाल्याचं तिच्याकडूनच कळलं. दोन मुलगे. ही दोनदा जाऊनसुद्धा आली आंघोळ-ड्यूटीला. ग्रुपवर एक शब्द नाही. मी म्हटलं, छान, उगाच गाजावाजा नाही, हेच हवं होतं मला. ती हो हो म्हणाली आणि आतून नंबर पुकारायच्या आधीच आत गेली.

१२ एप्रिल
सासूबाईंचा फोन. येऊन राहते म्हणाल्या. मी म्हटलं, आई, पहिले दोन महिने बाहेरचं कुणी नको. त्या म्हणाल्या, मी बाहेरची का गं? मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. त्या म्हणाल्या, बरं, तू सांगशील तेव्हा.

नवरा म्हणाला, अगं, येऊ दे की आईला. हा विहिरी-बोअरच्या पाहणीसाठी अर्धा महिना फिरतीवर. याला जमिनीखालचं पाणी सापडतं, कपाटातला टॉवेल सापडत नाही. याचं मत विचारात घेतलं नाही.

बाळाचं वेळापत्रक तयार करून कपाटाच्या दारावर लावलं. दूध, झोप, दूध, झोप. माझी आंघोळ सकाळी सात ते सव्वासात. संघटनेच्या पुढाऱ्यांना वठणीवर आणणारी मी. एक बाळ ते काय.

१९ मे
मुलगी. आठवडाभर उशिरा आली. कारण दिलं नाही. तिला समज देण्यात येईल.

दिसायला बरी आहे. बरीच बरी.

२१ मे
ग्रुपवर दुपारी एक वाजता कळवलं: मुलगी झाली, दोघी ठीक. उत्तरादाखल नुसते अंगठे आले. शब्द कुणाचाच नाही. नियमानुसारच. मी मोजले नाहीत. सगळ्यांचे होते.

२७ मे
नवरा फिरतीवर गेला. जाऊ का, असं परत परत विचारत होता. म्हटलं, कामावर दांडी मारणाऱ्यांचा मला राग येतो. दाराशी बॅग घेऊन रेंगाळला. म्हटलं, गाडी चुकेल. गेला. खरंच गेला.

२९ मे
वेळापत्रकात किरकोळ दुरुस्ती. 'झोप' खोडलं.

खाली ठेवली की रडते. उचलली की थांबते. पुन्हा ठेवली की पुन्हा रडते. सरळ सरळ ब्लॅकमेल. याला बळी पडायचं नाही. उचलली आहे, पण ती माझ्या निर्णयाने.

डाव्या हाताने लिहिते आहे.

१ जून
माणसाला रोज आंघोळीची गरज असते हा एक गैरसमज आहे. त्वचेचं नैसर्गिक तेल असतं. मी कुठेतरी वाचलंय.

पार्सलवाला आला. सही घेताना दोन पावलं मागे उभा राहिला. आजकालच्या लोकांना वागायची रीत नाही.

३ जून
आज केलीच होती जवळजवळ. टोपलीत तिला ठेवून टोपली बाथरूमच्या दाराशी, दार उघडं, मी आत. योजना निर्दोष होती. खांद्यापर्यंत साबण लागला आणि हिने असा टाहो फोडला की तशीच बाहेर आले. मग दूध. मग शी. मग परत दूध. साबण अंगावरच वाळला. खाजतंय. आंघोळ अर्धी झाली असं धरायला हरकत नाही.

वेणी सोडायची राहिली. आता सुटेल असं वाटत नाही.

४ जून
सासूबाईंना फोन केला. गुडघा कसा आहे ते विचारायला. बरा आहे म्हणाल्या. मी फोन ठेवला नाही. त्या म्हणाल्या, येऊ का गं? मी म्हटलं, नको, सगळं वेळेवर चाललंय. ते तोंडातून आपोआप गेलं. डेपोत कुणी विचारलं की मी हेच सांगते. फोन ठेवल्यावर त्यांना परत लावणार होते, पण रेंज नव्हती.

रेंज असावी. नीट पाहिलं नाही.

५ जून, दुपारी
विचार करून ग्रुपवर सूचना टाकली: 'ज्यांची बाळं अजून व्हायची आहेत त्यांच्यासाठी सरावाची संधी. स्पेअरकडे एक बाळ उपलब्ध. दुपारी अर्धा तास. तेवढ्या वेळात बाळाची आई घरातील इतर कामे, उदाहरणार्थ आंघोळ, उरकेल.' भाषा योग्य आहे. कुठेही विनंती वाटत नाही.

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. अर्थात, तीन वाजून गेलेत. वेळ एक ते दोन. उद्या एकला लिहितील.

६ जून
एक वाजला.

दोन वाजले.

काही बिघडत नाही. मी त्यांच्यासाठीच संधी दिली होती. ज्यांना शिकायचंच नाही त्यांना कोण काय करणार. इतकी मेहनत घेऊन तक्ता केला, कुणाला त्याचं काही आहे का.

मुलगी रडायला लागली. तिला म्हटलं, रड, पण एका ओळीत कारण दे. दिलं नाही.

मग मीही दिलं नाही.

७ जून, दुपारी
बेल वाजली. दारात बेकरीवाली. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली. बुटकी, घामाघूम, बाहीला पीठ. नाकाला हात लावला नाही, एवढं मान्य करते.

म्हणाली, दे.

मी म्हटलं, आधी कळवायची पद्धत असते. ती म्हणाली, लेखी मागणी आली ना तुझी, राणी? तुझाच नियम, मागणी आल्याशिवाय हलायचं नाही. आम्ही तीन आठवडे हातावर हात ठेवून बसलोय. ती दंतवैद्य तर रोज विचारते, आली का मागणी, आली का मागणी.

मी म्हटलं, कुठे विचारते? ग्रुपवर तर शुकशुकाट आहे. ती म्हणाली, त्या ग्रुपवर कोण आहे आता? तुझे नियम आले त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या दुसऱ्या ग्रुपवर गेलो. हे तिने चपला काढता काढता सांगितलं.

मग मी विचारलं, तरी तू आलीस ती कशी? ती म्हणाली, चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. घरी बाळ थोरल्याच्या गळ्यात मारून आलेय, पटकन आटप. मुलगी तिने माझ्या हातातून कधी घेतली ते कळलंही नाही. ती रडली नाही. कुणाकडेही जाते, शिस्त लावावी लागेल.

आत जाताना मी सांगत होते, मान धर, उजव्या कुशीवर घे, टोपडं काढू नकोस. ती म्हणाली, जा गं बाई आता, केस पण धू.

धुतले. पाणी गरम होतं. साबण डोळ्यात गेला, त्यामुळे थोडा वेळ लागला.

बाहेर आले तर मुलगी तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली. वेळापत्रकातली खोडलेली 'झोप', नेमकी वेळेवर. बेकरीवालीने ती तशीच माझ्याकडे दिली. वेणीचा गुंता हातानेच सोडवला, सासूबाईंना फोन लाव असं एकदा म्हणाली, आणि गेली. मागे पावाचा वास राहिला.

संध्याकाळी
फोन लावला. सासूबाई उद्या सकाळच्या गाडीने येतायत. त्यांचाच फार आग्रह होता.

दंतवैद्यने मला नव्या ग्रुपवर घेतलं. त्यांना माझं मार्गदर्शन हवं असणार. ग्रुपचं नाव 'लेट लतीफ, मेमोशिवाय'. नावाबद्दल नंतर बोलेन.

मी आत आल्याचं बेकरीवालीला कळलं नसावं. तिचा मेसेज आला: 'तिची आंघोळ झाली गं एकदाची. नळ सोडून आत बराच वेळ रडली. कुणी काही विचारू नका. उद्या कोण जातंय?'

मी ताबडतोब खुलासा केला: 'साबण डोळ्यात गेला होता.'

दंतवैद्यने लिहिलं, माझ्याही गेला होता. मग एकीने लिहिलं, माझ्याही. आणखी एकीने, माझ्या रोजच जायचा. गाणंवालीचा व्हॉइस मेसेज आला, दोन मुलगे ना माझे, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत.

बेकरीवालीने फक्त लिहिलं, बरं राणी.