कौल जुन्या कचेरीचा

ओरोस, ता. ६ ऑगस्ट १९८८

ती. बाबांस,
दुर्गाचे सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोली गळत नाही. खानावळीची आमटी नारळाला नुसती ओळख दाखवते, एवढीच तक्रार.

मोठी बातमी म्हणजे आमच्या कार्यालयाचे बारसे झाले. ‘राज्य वीज नियंत्रण कार्यालय’ ही पाटी उतरून ‘राज्य ऊर्जा नियमन संचालनालय’ अशी नवी पाटी चढली. शिपाई रविकांत म्हणतो, नाव वाढले, पगार होता तेवढाच राहिला. पण बाबा, फरक नुसत्या पाटीचा नाही. पूर्वी एखाद्या वाडीचा विजेचा अर्ज तीन विभागांतून फिरे, मग रत्नागिरी, मग मुंबई. आता तिन्ही विभाग एक केले आणि मंजुरी इथेच मिळणार, आमच्या टेबलांवर. आपण शिकलो त्याचा कुणाला तरी उपयोग होईल, असे पहिल्यांदाच वाटते आहे.

आता कामाचे. जुन्या कार्यालयाकडचे सगळे अर्ज बंद समजले जाणार. त्यात आपल्या खाजणवाडीचाही आहे, सात वर्षे पडून राहिलेला. नवा फॉर्म सोबत पाठवते. ३१ तारखेच्या संध्याकाळच्या आत निम्म्याहून अधिक घरांच्या सह्या होऊन तो इथे पोचला, तरच वाडी पहिल्या यादीत येईल. ज्या घराची सही नसेल, ते घर दुसऱ्या यादीत जाईल, आणि ती कधी निघेल हे साहेबांनाही ठाऊक नाही. तुम्ही वाडीचे मानकरी. तुमची सही झाली की बाकीचे मागे येतील.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो सहीसकट पाठवावा.

आपली,
दुर्गा


खाजणवाडी, ता. २१ ऑगस्ट

चि. दुर्गास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या आईचा गुडघा पावसाने धरला आहे, जीभ मात्र मोकळी आहे.

फॉर्म पोचला. तो तसाच देवाच्या फळीवर ठेवला आहे. रागावू नकोस. सात वर्षांपूर्वी अर्ज केला त्या वेळी देवीचा कौल मीच मागितला होता. भर देवळात गाऱ्हाणे घातले, की आम्ही वीज नियंत्रण कचेरीकडे दिवा मागतो, तुझी मर्जी असेल तर उजवी पाकळी दे. उजवी पडली, मग सह्या झाल्या. आता देवीला एका कचेरीचे नाव सांगून दुसरीच्या कागदावर सही कशी करू? कौल नव्याने घ्यायला हवा. पौर्णिमेचा दिवस धरला होता, पण काल शिरोड्याहून निरोप आला. देवीला पाकळ्या लावून कौल घेणाऱ्या मधू गुरवाची चुलती वारली. त्याचे सुतक २ सप्टेंबरला फिटेल. तोवर कौल नाही.

साहेबांना सांगून दोन दिवस पुढे ढकलता येतील काय, ते पाहावे. तब्येतीस जपावे.

तुझा,
बाबा


ओरोस, ता. २४ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न. वि. वि.

साहेबांना विचारले. तारीख सरकारी आहे, ते म्हणाले. हेडक्लार्कनी मला बाजूला घेऊन सांगितले, की फॉर्म ५ तारखेला आला तरी शिक्का ३१चा मारू, तुझीच वाडी आहे. मी नको म्हटले. इतर वाड्यांना जो नियम तोच आपल्याला. नाहीतर एवढे सगळे बदलले कशाला?

बाबा, कचेरी तीच आहे. माणसे तीच, कपाटे तीच. जुना शिक्का अजून माझ्याच खणात आहे. वीज आली तर मच्छीमार सोसायटी बर्फाचा कारखाना घालणार आहे. गोदूबाईची पाटीभर सुरमई दर उन्हाळ्यात फुकट जाते, ती तेव्हा तरी वाचेल. हे पत्र होडी ठेवतात त्या मांगरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा, एवढे माझ्यासाठी करा.

रागाने लिहिले आहे, मायेने वाचावे.

दुर्गा


खाजणवाडी, ता. ३० ऑगस्ट

चि. दुर्गास आशीर्वाद.

पत्र मांगरात वाचले. हेडक्लार्कचे आले तेवढे मी दोनदा वाचले. सगळ्यांनी ऐकले, तू कशी वागलीस ते.

कौलावर वाद झाला. शेवटी गोदूबाई माझ्यावरच उखडली. म्हणाली, की मेल्या काशीरामा, देवीन दिवो दिल्यान, पाटी नाय. आणि तिथल्या तिथे अंगठा उठवला. मग रीघ लागली. अडतीस घरांपैकी सदतीस झाली.

राहिले ते आपले. गोदूबाईचे चुकले असे मी म्हणत नाही. बाकीच्यांनी नुसते हात जोडले होते, शब्द मी बोललो होतो. माझ्या तोंडून गेलेले नाव मलाच बदलून घ्यावे लागेल. घर मागे राहील हे मला कळते. तुझी आई दोन दिवस बोलत नाही, जेवण मात्र वेळेवर वाढते.

फॉर्म आणि हे पत्र घेऊन गोदूबाई स्वतः उद्या पहिल्या गाडीने येत आहे. पोचल्याचे कळवावे.

बाबा


ओरोस, ता. ३१ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न. वि. वि.

गोदूबाई साडेदहाला पोचली. मासळीची पाटी साहेबांच्या दारात ठेवून तिने आधी पाणी मागितले आणि मग नवी पाटी वाचून दाखवायला लावली. ते लांबलचक नाव ऐकून म्हणाली, की ह्या नावान हाक मारीसर माणूस मरात.

फॉर्म तपासायला माझ्याच पुढ्यात आला. अडतिसावी ओळ कोरी. गोदूबाईने हळूच सांगितले, की बापाची सही चेडवान केल्यान तर कोण फाशी देता? पेन हातात होते. तुमची सही मला डोळे मिटून येते, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर किती वेळा पाहिली आहे. आईचा गुडघा आठवला, अंधारात विहिरीवर जाणारा.

मी ओळ कोरी ठेवली आणि सदतीस घरांची नोंद केली. खाजणवाडी पहिल्या यादीत आहे. शिक्का आजच्या तारखेचा आहे, आजच मारलेला.

आईला सांगा, दुसऱ्या यादीचा पहिला फॉर्म मी आपल्या घराचा आणीन. २ तारखेला सुतक फिटले की कौल घ्या. मात्र गाऱ्हाण्यात या खेपेला कचेरीचे नाव घेऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा पुनर्रचना होणार, अशी इथे कुजबुज आहे. नुसता दिवा मागा.

तुमचीच,
दुर्गा