नरकातली शनिवारची ड्युटी

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मिहिकाच्या मोबाईलवर मेसेज. "हेल, सॅटर्डे सिक्स. वेअर ब्लॅक." चौथी शिकले म्हणून काय झालं, हेल म्हणजे नरक एवढं कळतं मला. विचारलं तर म्हणते, "आई, इट्स माय कॉलेज डॉक्युमेंटरी." कुठले चर्चवाले भुताच्या घरासारखं नाटक करतात म्हणे. एका खोलीत दारुडा, एकीत जुगारी, मग नरक. माणूस पुरता घाबरला की शेवटच्या खोलीत पास्टर प्रार्थनेला बसवतो. आणि ही म्हणे नुसतं शूटिंग करणार! मी काय काल जन्मले? पोरगी चालली हातातून. आमच्या ह्यांना सांगितलं. म्हणाले, "देवाच्या कृपेनं मार्क चांगले पडतील." ह्या माणसाचा काही उपयोग नाही.

४ ऑक्टोबर
सोबत गेले. एकदा बघायचं, पोरीला उचलायचं, खलास.

काळे पडदे, मशीनचा धूर. मी घाबरले नाही. सैतान कानाशी ओरडला तेव्हा पर्स हाणली, ती हात मोकळा करायला. सैतान बँकेत कामाला आहे. सॉरी तोच म्हणाला.

पुढच्या खोलीत दारू पिऊन गाडी ठोकलेल्या पोराचं प्रेत. आणि त्याची आई टिश्यूनं डोळे टिपतेय! पोर मेलंय की हिला सर्दी झालीय? मोठ्यानंच बोलले. पास्टरची बायको लीलाम्मा म्हणाली, "दीदी, आप करके दिखाओ." दाखवलं. आमच्या गावात मयताला रडतात तसं, सूर लावून. "लेकरा, तुझ्या गाडीला आग लागो रे, मटणाचा रस्सा आता कुणाला वाढू रे!" प्रेतच हुंदके द्यायला लागलं.

पोरीला उचलायचं राहून गेलं.

७ ऑक्टोबर
लीलाम्माचा फोन. दर शनिवारी रोल कराल का? जाळं आहे, मला कळत नाही होय? पण आत शिरल्याशिवाय पोरीला बाहेर कशी काढणार? हो म्हटलं.

११ ऑक्टोबर
चार खेळ. चारही वेळा लोक रडले. कॅमेऱ्यामागे अंधारात काळा शर्ट दिसत होता. पोरगी नजरेसमोर आहे. नंतर लीलाम्मानं माझा हात धरून प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले. बराच वेळ.

१८ ऑक्टोबर
दिवाळी तोंडावर, चकल्या नाहीत. वेळ कुठाय? लिफ्टमध्ये शेजारची प्रभावती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बाटलात म्हणे?" म्हटलं, पोरीसाठी जाते. तिनं तोंड वाकडं केलं. हिच्यावरही लक्ष ठेवायला पाहिजे.

२६ ऑक्टोबर, रविवार
मिहिकानं सकाळी घरातच कॅमेरा लावला. "आई, तू तिथं का जातेस?"

म्हटलं, तुझ्यावर लक्ष ठेवायला. दर शनिवारी डोळ्यांसमोर होतीस म्हणून वाचलीस.

"आय वेंट ओन्ली वन्स. नंतर सोनम शूट करत होती, माझी फ्रेंड. मी घरीच होते. बाबा आणि मी जेवायला तुझी वाट बघायचो."

हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

"मग तू कुणावर लक्ष ठेवत होतीस, आई?"

कॅमेरा बंद कर म्हटलं. केला नाही.

लीलाम्मानं नोव्हेंबरचे पाचही शनिवार वाढवलेत. मी हो म्हटलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.