दुभाष्याची बाजू

सोम., ७ नोव्हें. १९४९. कुंभार पिंपळगाव.

शाळा दुपारीच सोडली. चावडीत चौकशी सुरू झाली. आमच्या डाकमुन्शी करीमुद्दीनवर आरोप आहे की मागच्या राजवटीत त्यानं चळवळीतल्या लोकांची पत्रं फोडून पोलिसांना दाखवली. साबित झालं तर नोकरी जाणार, तुरुंगही बहुतेक. चौकशीचे साहेब हैदराबादचे, मराठी येत न्हाई. गावकरी मराठीत बोलणार, मी उर्दूत सांगणार, ते लिहून घेणार.

बसल्याबसल्या साहेबांनी विचारलं, "मास्टरसाब, आप किस तरफ के?"

"किसी तरफ का नहीं."

माझंच एक पत्र पकडलं गेल्तं, त्यापायी आठ महिने तुरुंगात काढले, हे सांगितलं न्हाई. त्यांनी विचारलं न्हाई म्हणून... असो.

मंगळ., ८

गंगूबाईची जबानी. तिचा पुतण्या तेव्हा धरून नेला होता. म्हणाली, "मुन्शीनं पाकीट फोडलं, असं लोक म्हणून राह्यले."

मी उर्दूत सांगितलं : मुन्शीनं पाकीट फोडलं. 'असं लोक म्हणतात' एवढं गाळलं. जीभ अडखळलीसुद्धा न्हाई. साहेबांनी लिहिलं, बाईनं अंगठा दिला.

मुन्शीला दोन्ही भाषा येतात. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाह्यलं. परत खाली घातली.

बाहेर बाबूरावनं पाठीवर थाप मारली. तुरुंगात आम्ही एकाच कोठडीत होतो. "बराबर केलंस." उर्दू त्यालाही पक्की येते. म्हणजे त्याच्याही लक्षात आलं.

गुरु., १०

काल लिहिलं न्हाई. पोरांचे पाढे ऐकताना दोनदा विसरलो कुठवर आलो ते.

फोडलंच असेल त्यानं, दुसरं कोण फोडणार? पण टपालाची थैली इथून जालन्याला जायची, तिथं किती हात लागत असतील. हे मला आज सुचून राह्यलं. कोठडीत आठ महिने एकाच माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं ठेवला होता. दुसरा कुणी असेल असं मनातही आलं न्हाई. आणि साहेबांना सांगितलं काय, तर कोणत्याच बाजूचा न्हाई.

शुक्र., ११

सकाळी साहेबांच्या मुक्कामी गेलो. गाळलेले शब्द, तुरुंग, पत्र, सगळं सांगितलं. ते दाढी करत होते. वस्तरा थांबला.

"पहले दिन क्यों नहीं बोले?"

म्हणालो, वाटलं होतं तटस्थ राहता येईल.

तोंड पुसून म्हणाले, "मैं भी यही समझकर आया था. रिपोर्ट का आख़िरी पन्ना मंगल को ही दिमाग़ में लिख लिया." ते शेवटचं पान गंगूबाईच्या जबानीवर उभं होतं. म्हणजे माझ्यावर.

मला काढलं. आता कापडवाले मोतीलाल शेठ दुभाषी. जबानी मराठीतही लिहायची, वाचून दाखवायची, मंग अंगठा. गंगूबाईला परत बोलावणार. मला साक्षीदार म्हणून.

बाबूराव दुपारी आल्ता. "तू आमचा का त्याचा?" मी चहा ठेवायला उठलो. चहा न घेता गेला.

शनि., १२

शेठनी गंगूबाईला तिची आधीची जबानी मराठीत वाचून दाखवली. तिनं मधेच थांबवलं. "न्हाई शेठ, मी पाह्यलं न्हाई. ऐकलं." तिच्यामागून आणखी दोघांनी आपलं बोलणं दुरुस्त केलं. एक मात्र ठाम राहिला, पाकीट फोडताना डोळ्यांनी पाह्यलं म्हणाला. शेठनी तेही जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी लिहिलं.

मंग मी. "माझं पत्र कुणी फोडलं, मला माहीत न्हाई." हे आजवर मोठ्यानं कधी म्हणालो नव्हतो. बाबूराव मागं उभा होता. वाटलं उठून जाईल. शेवटपर्यंत थांबला.

मंगळ., १५

साहेब काल गेले. निकाल कधी, काही सांगितलं न्हाई.

सकाळी बाजारात मुन्शी भेटला. कामावरून दूर केलंय त्याला, कांदे निवडत होता. विचारलं, "करीमभाई, त्या दिवशी दोन्हीकडचं कळत होतं, मंग गप्प का बसलात?"

"आरोपीचं कोण ऐकतं, मास्तर?" कांदे पिशवीत टाकले. "तुम्हाला काय वाटतं, मी फोडली पत्रं?"

"माहीत न्हाई."

"साहेबानं विचारलं मला. बाबूरावनं रस्त्यात अडवून विचारलं. तुम्ही कधी विचारलं न्हाई." रागानं न्हाई बोलला. "संध्याकाळी घरीच असतो."

शाळा सुटलीय. निघालोच होतो, तर बाबूराव दारात. कुठं चाललो ते सांगितलं. आता म्हणतो, थांब, मीपण येतो.