टेकडी आहे, सुळका नाही

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरच घातला असं समजा). तुमची कंबर आणि दादाचा खोकला ताळ्यावर असावेत. इकडे मी मोतीबिंदू काढायला गेले आणि तो डोळ्यात तसाच घेऊन परत आले.

त्याचं असं झालं, की ऑपरेशनआधी ईसीजी काढतात. 'आजी, आडव्या व्हा' म्हणणाऱ्या नर्सने (एकाहत्तर म्हणजे काय वय आहे?) छातीवर वायरी चिकटवल्या आणि निघालेला कागद डॉक्टरांकडे दिला. त्यांना मिसरूड कालच फुटलेलं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता, यंत्राने कागदाच्या डोक्यावर आपणहून छापलेली ओळ त्यांनी वाचली: हृदयाचा डावा कप्पा वाढलेला. ऑपरेशन रद्द! आम्ही कॉन्व्हेंटमध्ये पुस्तकामागचं उत्तर असं उतरवलं असतं, तर सिस्टरने बोटांवर पट्टी ओढली असती. हे मी त्यांना सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असावं, कारण ईसीजी विभागाच्या मुख्य बाई धावत आत आल्या.

वहिनी, चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, पण असं नजरेचं काम पाहिलं नाही. बाईंनी ती छापील ओळ वाचलीच नाही. कागदाच्या सुरुवातीला उंबरठ्यासारखी एक खूण असते, ती दहा बारीक चौकोन उंच हवी. माझी वीस! आधीच्या पेशंटच्या लाटा फार बुटक्या, म्हणून कोणीतरी यंत्र दुप्पट उंचीवर ठेवलं आणि विसरलं. म्हणजे वाढला होता तो कागद, माझा कप्पा नव्हे. दुसरा कागद काढला, कप्पा जागच्या जागी. मी डॉक्टरांकडे कसं पाहिलं असेल, ते तुम्ही ओळखालच.

पण बाई हसेनात. त्यांनी खिशातून कर्कटक काढलं. वरचे कप्पे दाबले गेले की कागदावर छोटी टेकडी उमटते. तिथून निरोप खाली पोचला की उंच सुळका. मधलं अंतर त्यांनी ठोक्यागणिक मोजलं. दरवेळी तेवढंच. आणि मग दोन ठिकाणी टेकडी आहे, सुळकाच नाही.

"मावशी, चक्कर येते?"

"छे!"

"जिन्यात?"

"एकदा."

"एकदाच?"

"तीनदा," मी म्हणाले. (कॉन्व्हेंटच्या सिस्टरनंतर मला खरं बोलायला लावणारी ही पहिलीच.)

अंतर हळूहळू वाढून ठोका चुकला असता, तर थोडं थांबता आलं असतं. हा न सांगता चुकतो, म्हणाल्या. मिसरूडवाले मान खाली घालून शिकत होते. यंत्राला जे दिसलं नाही, ते या बाईंना दोन टोकांच्या कर्कटकाने सापडलं. त्यांना पत्राने शाबासकी कळवणार आहे.

कळावे, लोभ आहेच, तो असाच चालू ठेवा.

तुमची नणंद

ता.क. गुरुवारी सकाळी आठला पेसमेकर बसवतात. फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. मी बाईंनाच गळ घातली, तर म्हणाल्या, "मावशी, हृदय मी वाचते, पण तुमचं माणूस तुम्हीच आणायचं." तेव्हा बुधवारी संध्याकाळीच या.

ता.क. दुसरा. दादाला मागाहून सांगा. तो घाबरेल, मग मला त्याची समजूत घालावी लागेल, आणि ते या आठवड्यात मला जमणार नाही.