चौदाव्या प्रकरणातली मेथी

सोम. ३ नोव्हें.
कादंबरी आली. चिनूने मागवलेली, पत्ता माझा. इंदूरला त्याच्या हॉस्टेलवर कुणाचंही पार्सल कुणीही फोडतं. मुखपृष्ठावर दोन मुलगे पाठमोरे, मधे मावळता सूर्य. ठीक आहे, मुखपृष्ठाचं काय एवढं.
मराठीत, तरुण मुलांसाठी, दोन मुलग्यांच्या प्रेमाची गोष्ट. गेल्या वर्षी चिनूने मला स्वतःबद्दल सांगितलं, तेव्हापासून असं काही शोधतेय. ताईला त्याने अजून सांगितलेलं नाही. ती धारला, मी देवासला, आणि सख्ख्या बहिणीच्या मुलाचं गुपित माझ्यापाशी.
चिनूचा फोन : "मावशी, तूच वाचून रेकॉर्डिंग पाठव ना. मेरे से मराठी पढ़ी नहीं जाती. अर्ध्या पानात झोप येते." बोलतो घडाघडा, जोडाक्षर आलं की अडखळतो. शाळा हिंदीतली.
हो म्हटलं. मलाच जास्त घाई.

बुध. ५
तीन प्रकरणं वाचून पाठवली. चिडचिड.
नायक आरव आणि विहान. दोघे श्रीमंत, दोघे देखणे, एक गिटार वाजवतो. शहराला नाव नाही. कुणाला बस पकडायची नसते, कुणी जेवत नाही. कॉफी मात्र दर प्रकरणात गार होते. "तुझ्या डोळ्यांत मला माझं आकाश सापडलं." विसाव्या वर्षी असं कोण बोलतं? चिनू त्याच्या ओंकारला म्हणतो, "चल बे, भूक लगी है," आणि त्याचा चेहरा बघितला की बाकी काही विचारावं लागत नाही.
ते आकाशाचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. गाळलं.

रवि. ९
चिनू आला. दर रविवारी येतो. घरी सांगतो, मावशीकडे चाललो. माझ्याकडे चहापुरता, मग टेकडीच्या पायथ्याशी ओंकार वाट बघत असतो. ओंकार मूळ साताऱ्याचा, दहावीपर्यंत तिथेच शिकला. वडील इथल्या कारखान्यात लागले म्हणून आले, आता तोही तिथल्याच प्रयोगशाळेत.
"बुक मस्त आहे मावशी. तो विहान एकदम ओंक्या. कचोरी खाऊन झाल्यावर पानाचा दोना चाटतो ना, सेम."
कादंबरीत कचोरी नाही. मी घातली. कॉफीचा कंटाळा आला म्हणून.
सांगायला हवं होतं. तो इतका खूश होता की...

बुध. १२
आता सरळच लिहिते. अर्ध्याहून जास्त मी बदलतेय. पुस्तक समोर उघडं, डोळे ओळीवर, तोंडातून दुसरंच. माझ्या आरव-विहानने इंदूरची शेवटची बस चुकवली, दोघे घरी खोटं बोलले, चपला तुटल्या. शाळेत शिकवून आल्यावर दुसरं काही सुचत नाही. वर्षभर एक धड गोष्ट लिहून झाली नाही आणि हे मात्र आपोआप येतंय, दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकावर बसून.
स्वतःच्या नावावर का लिहीत नाहीस, असं विचारायला इथे कुणी नाही, हे एक बरं. उत्तर सोपं आहे. माझं छापलेलं अक्षर न् अक्षर ताई वाचते.

शनि. १५
चौदावं प्रकरण. आरवच्या आईला कळतं. दोन पानं भाषण. "प्रेम हे प्रेम असतं, बाळा." मग रडणं, मिठी, बाहेर पाऊस. पुस्तक खरंच आपटलं मी. ज्या एका प्रकरणासाठी हे विकत घ्यावं, तिथे लेखिकेने सभा भरवली आहे.
मग रेकॉर्ड केलं ते असं : आई मेथी निवडतेय. मुलगा सांगतो. तिचे हात थांबत नाहीत. पेंढी संपते. मग देठांकडे बघत विचारते, "काय खातो तो?" बस. प्रकरण संपलं.
पाठवून टाकलं. बरं वाटलं, फार दिवसांनी.

रवि. १६
चिनू आज आला नाही, परीक्षा. फोन केला. आवाज जड.
"मावशी, ती आई... ही तर आपली आई आहे. सेम टू सेम."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"चंपाषष्ठीला घरी जातोय. खंडोबाची तळी उचलून झाली की आईला सांगतो. मला आधी वाटायचं ती ओरडेल. आता वाटतं, नाही ओरडणार."
मी म्हटलं, घाई करू नकोस. तो म्हणाला, "घाई कहाँ, बीस साल का हो गया." हसला.
फोन ठेवल्यावर खुर्चीत बसूनच राहिले. कुकर तीनदा बोंबलला असेल.

मंगळ. १८
एका मासिकाला या कादंबरीचं परीक्षण देते म्हटलं होतं. बसले. 'कादंबरी अपेक्षा पूर्ण करत नाही.' पुढे सरकेना.
कुणाच्या अपेक्षा? चिनूच्या तर पूर्ण झाल्या, पण त्या कादंबरीने नाही.
लेखिकेच्या गोष्टीतली आई भाषण करते म्हणून खोटी. माझी आई मेथी निवडते, म्हणून खरी? आम्हा दोघींपैकी ताईला कुणीच विचारलेलं नाही. ताई ओरडेल का, गप्प बसेल का, जेवण सोडेल का, मला माहीत नाही. मी फक्त मला हवी तशी ताई बोलवून घेतली. आणि तो त्या भरवशावर धारला निघालाय.
रविवारी सांगायचंच.

रवि. २३
सांगायची वेळच आली नाही. दोघे एकदमच दारात. ओंकारच्या हातात कादंबरीची दुसरी प्रत. चिनूने त्याला मागच्या आठवड्यात मागवायला सांगितली होती, चौदावं आधी वाच म्हणून.
ओंकार : "मावशी, मेथी कुठल्या पानावर आहे?"
चिनू खाली बघत होता.
सगळं सांगितलं. चिनू म्हणाला, "तूने पूरी किताब बदल दी?"
"पूर्ण नाही."
"कचोरी?"
"माझी."
"बस चुकते ती?"
"तीही."
ओंकार हसला. "भिया, तेरी मावशी तो लेखिका से बड़ी फेंकू निकली." मग माझ्याकडे वळून, नीट मराठीत : "तुमची जास्त चांगली आहे हो. पण छापलेली ही आहे. आमच्यासारख्याला दुकानात हीच मिळणार. तुम्हीच का नाही लिहीत?"
मागे लिहिलं होतं ना, विचारायला कुणी नाही ते बरं.
चिनू हसला नाही. "म्हणजे आई तसं नाही म्हणणार."
"मला माहीत नाही, चिनू."
"तू तिची सख्खी बहीण आहेस."
"म्हणूनच माहीत नाही."
चहा न घेता गेला. ओंकार पुस्तक टेबलावर ठेवून त्याच्यामागे. जिन्यात म्हणत होता, "अबे रुक, चप्पल तर घालू दे."

मंगळ. २५
सकाळी ताईचा फोन. आधी भाऊजींचा गुडघा, मग हरभऱ्याचे भाव. मग :
"सुमे, उद्या तळीला माणसं कमी पडतायत गं. हे, चिनू, आमचे दीर आणि शेजारचे नाना. पाच तरी पुरुष हवेत ताम्हण उचलायला. मराठी घरं राहिलीत किती इथे. तो चिनूचा मित्र आहे ना देवासचा, ओंकार, त्याला घेऊन ये."
ओंकारचं नाव ताईसमोर मी कधी काढलेलं नाही.
म्हटलं, आणते.
"वांगं खातो का तो? भरीत-रोडग्याचा नैवेद्य आहे. चातुर्मासभर घरात वांगं नाही, सगळे तुटून पडतात. तो खात नसेल तर त्याच्यापुरतं वेगळं करते."
"खातो बहुतेक."
"बहुतेक काय. विचारून सांग."
ठेवला.

ताई हे सगळ्यांना विचारते. मीटर बघायला आलेल्या माणसालाही विचारलं होतं तिने. हे आधी लिहून ठेवते, कारण मला माझी सवय आता कळली आहे.

चिनूला फोन लावला. रविवारपासून उचलत नव्हता, आज उचलला. म्हटलं, तुझ्या आईचा निरोप आहे.
"काय म्हणाली? एक्झॅक्ट सांग. तुझ्या मनाचं नको."
शब्दाला शब्द सांगितलं. तळी, पाच पुरुष, ओंकारचं नाव, वांगं, वेगळं करते. मीटरवालाही सांगितला.
मग त्याने विचारलं, "बोलताना आवाज कसा होता तिचा?"
इथे फार सोपं होतं. एक शब्द पुरला असता.
म्हटलं, "तिकडे फोडणी चालली होती रे. नीट ऐकू नाही आलं."
हे खरं आहे.
"ठीक आहे," म्हणाला. आणि मग, "ओंक्या वांगं खातो. सांग तिला."

ताईला कळवलं. उद्या सकाळी बसने धार. मी आणि ओंकार इथून, चिनू इंदूरला चढेल.